महिन्याभरात संसार कसा आवरायचा?

शंभर कामगारांच्या कारखान्यात कपात करायची, तर तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची परवानगी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली. मकरपुऱ्यातल्या दीडशे-दोनशे कामगारांच्या कारखान्याला आता एका महिन्याची नोटीस पुरे. नाहीतर महिन्याचा पगार हातात ठेवून त्याच दिवशी रामराम! जनरल मोटर्सने हालोलचा कारखाना बंद करण्याचे २०१५ मध्ये जाहीर केले, उत्पादन २०१७ मध्ये थांबले. तिथे निदान अवधी तरी होता. गायकवाडी चाकरीत आलेली आपली घराणी अजून पेन्शनीच्या गोष्टी सांगतात. नातवंडे मात्र कारखान्यांत आहेत. मते मागायला येणाऱ्यांना आम्ही त्या तीन महिन्यांचे विचारणार आहोत. आपणही विचारा.