६४ माणसं आणि ६६ मतं : अमेरिकेतल्या सगळ्यात कमी लोकवस्तीच्या काउंटीत नेमकं राहतं कोण?

एप्रिल २०२० च्या जनगणनेत टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत ६४ लोक मोजले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि तिथे मतं पडली ६६. डोनाल्ड ट्रम्प यांना ६०, जो बायडन यांना ४ आणि उरलेली २ इतरांना.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की पहिला शब्द सुचतो तो 'घोटाळा'. त्यात ६४ मध्ये लहान मुलंही आली, म्हणजे मतदार आणखी कमी हवेत. पण गोष्ट तेवढी सोपी नाही. ती समजून घ्यायची तर आधी ही जागा बघावी लागते.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा, फक्त कारभार बघायला वरून पाठवलेला कलेक्टर नसतो, निवडून आलेले लोक असतात. लव्हिंग काउंटी टेक्सासच्या पश्चिम टोकाकडे, न्यू मेक्सिकोच्या सीमेला चिकटून आहे. क्षेत्रफळ साधारण १,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं त्याच्या जवळजवळ तिप्पट. एवढ्या जागेत एकच गाव, मेंटोन. तेच काउंटीचं मुख्यालय. २०२० मध्ये त्याची लोकसंख्या होती २२.

बाकी सगळं सपाट, झुडपी वाळवंट. पाऊस वर्षाकाठी अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. एका बाजूने पेकोस नदी वाहते, पण तिचं पाणी खारट. पिण्याचं पाणी कित्येक वर्षं टँकरने आणावं लागायचं. हॉस्पिटल नाही, शाळाही नाही. पटसंख्या इतकी घटली की १९७२ मध्ये इथली शाळा शेजारच्या विंक गावाच्या शाळेत विलीन केली गेली. मुलं तेव्हापासून बसने काउंटीबाहेर शिकायला जातात.

मग कोर्ट, शेरीफ, निवडणुका, हे सगळं कशासाठी? उत्तर जमिनीखाली आहे.

वाळवंटाखालची तिजोरी

लव्हिंग काउंटी पर्मियन या तेलक्षेत्राच्या डेलावेअर खोऱ्यात येते. इथे तेल सापडलं १९२१ मध्ये. त्या जोरावर वस्ती वाढली आणि १९४० मध्ये लोकसंख्या २८५ वर गेली. नंतर उतरती कळा लागली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र फ्रॅकिंगमुळे, म्हणजे खडकात दाबाने पाणी आणि वाळू सोडून तेल काढण्याच्या तंत्रामुळे, उत्पादन इतकं वाढलं की टेक्सासच्या २५४ काउंटींमध्ये तेलाच्या बाबतीत लव्हिंग पहिल्या दहांत गणली जाते.

टेक्सासमध्ये राज्य सरकार मालमत्ता कर घेत नाही, तो स्थानिक संस्था घेतात. आणि चालू विहिरीच्या तळाशी असलेलं तेलसुद्धा मालमत्ताच धरलं जातं. त्याची किंमत काढून त्यावर दरवर्षी कर लागतो. म्हणजे करपात्र मालमत्ता अब्जावधी डॉलरची आणि तो पैसा कसा खर्च करायचा हे ठरवणारे मतदार मूठभर.

टेक्सासच्या राज्यघटनेनुसार प्रत्येक काउंटीचा कारभार पाच जणांकडे असतो : एक काउंटी जज (नाव जज असलं तरी काम बरंचसं प्रशासनाचं) आणि चार कमिशनर. ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटीत येतं तिची लोकसंख्या ४७ लाखांहून जास्त. तिथेही पाचच. हॅरिसमध्ये एक कमिशनर जवळपास १२ लाख लोकांमागे निवडून येतो, लव्हिंगमध्ये १६ जणांमागे. त्यावर शेरीफ, क्लार्क, खजिनदार ही पदं वेगळी. एका घरातल्या तिघांनी मत फिरवलं तर पद जातं. अशा ठिकाणी 'इथला रहिवासी कोण' हा प्रश्न थेट सत्तेचा होतो.

मग ६६ मतं आली कुठून?

राहण्याच्या दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत, आणि गोंधळाचं मूळ तिथे आहे.

जनगणना विचारते, तुम्ही बहुतेक वेळ कुठे राहता आणि झोपता? टेक्सासचा निवडणूक कायदा वेगळं विचारतो. त्याच्या मते रहिवास म्हणजे तुमचं कायमचं घर, जिथून तात्पुरते बाहेर गेलात तरी परत येण्याचा तुमचा इरादा असतो. आता एखाद्या कुटुंबाचं गुरांचं रान लव्हिंगमध्ये आहे, पण मुलांच्या शाळेसाठी किंवा नोकरीसाठी ते आठवड्याचे पाच दिवस दुसऱ्या शहरात राहतं. जनगणनेत ते त्या शहरात मोजलं जाईल, मतदान मात्र लव्हिंगमध्ये करू शकेल. त्यात काही बेकायदा नाही. अडचण एवढीच, की इरादा मोजायला पट्टी नसते. खरोखर परतणारा कोण आणि फक्त मतापुरता येणारा कोण, हे ठरवताना भांडणं होतात. २०२२ च्या निवडणुकीनंतर असाच वाद कोर्टात गेला.

दुसरं कारण फारसं कुणाला माहीत नाही. २०२० च्या जनगणनेत कुणाची वैयक्तिक माहिती ओळखू येऊ नये म्हणून जाहीर आकड्यांमध्ये मुद्दाम थोडा फेरफार केला गेला. एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली ती फक्त राज्यांची. काउंटीच्या आकड्यात थोडं इकडेतिकडे झालेलं असू शकतं. ४७ लाखांत पाच-दहाचा फरक कुणाला कळणारही नाही. ६४ मध्ये कळतो. म्हणजे ज्या आकड्यावरून घोटाळ्याचा संशय घ्यायचा, तो आकडाच काटेकोर नाही.

याचा अर्थ इथे कधी घोटाळा झालाच नाही, असं मात्र नव्हे.

कागदावरची काउंटी

१८९० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती ३. तीनशे नव्हे, तीन. तीनच वर्षांनी कालवा खोदून शेती फुलवण्याचं स्वप्न विकणाऱ्या एका कंपनीच्या लोकांनी वेगळ्या काउंटीसाठी अर्ज केला आणि त्यावर १५० मतदारांच्या सह्या होत्या! अर्ज मंजूर झाला, निवडणूकही झाली. पुढे सगळा बनाव उघडा पडला आणि १८९७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ही काउंटीच बरखास्त करून शेजारच्या रीव्हज काउंटीला जोडली. तेल सापडल्यावर, १९३१ मध्ये, ती पुन्हा उभी राहिली. दोनदा स्थापन झालेली टेक्सासमधली ही एकमेव काउंटी.

तो मोह पुढेही सुटला नाही. २००५-०६ च्या सुमारास सरकारी हस्तक्षेप नको म्हणणाऱ्या एका गटाने इथे माणसं आणून निवडणूक जिंकायचा बेत आखला होता. तो फसला. २०२५ मध्ये इंडियानातल्या एकाने मोफत घरांचं आमिष दाखवून समाजमाध्यमांवरून लोकांना इथे बोलावलं, तेव्हा टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलनी त्याच्यावर दावा ठोकला. निवडणुकीच्या निकालावर प्रभाव टाकण्यासाठी रहिवास दाखवायचा नाही, असा कायदा राज्याने २०२१ मध्ये केलेलाच आहे. पण तिथेही फिरून तोच पेच : हेतू सिद्ध कसा करायचा?

या सगळ्यात एक मोठा गट मोजणीत कुठेच नसतो. मेंटोनमधून जाणाऱ्या महामार्ग ३०२ वर दिवसभर ट्रकची रांग असते. तेलविहिरींवरचे कामगार पाळ्यांमध्ये येतात, कॅम्पमध्ये राहतात, रस्ते आणि पाणी वापरतात, अपघात झाला तर त्यांच्यासाठी शेरीफचीच माणसं धावतात. त्यांची संख्या ६४ च्या कितीतरी पट. त्यांचं घर मात्र दुसरीकडे असतं, म्हणून जनगणनेत ते तिकडे मोजले जातात आणि मतही तिकडेच देतात. काउंटीच्या तिजोरीतला पैसा कुठल्या रस्त्यावर खर्च व्हावा, हे ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही.