घरातील पिंप आणि आबकारीचा कायदा

आमच्या परिचयाचे एक व्यापारी गृहस्थ मध्यंतरी युरोपखंडातील काही देश पाहून आले. प्रवासाहून परतलेला मनुष्य बहुधा मनोरे, पूल आणि चित्रसंग्रह यांचे वर्णन करितो. आमच्या या स्नेह्यांनी मात्र चार गावच्या बिअरी चाखून त्यांचे टिपण करून आणले, आणि शेवटी आम्हांस सवाल केला की, 'वकीलसाहेब, तिकडे पुष्कळ गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात बिअर आंबवितात. मी येथे तसे केले तर काय होईल?' आम्ही उत्तर दिले, 'खटला होईल, आणि नशीब फिरले तर तुरुंगही पाहावा लागेल.' कायदा असा आहे हे सांगितले म्हणजे वकिलाचे काम संपते. तो तसा असावा की नसावा, हा विचार संपादकाच्या वाट्यास येतो, आणि तोच आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आम्ही स्वतः मद्य घेत नाही, आणि कोणी घ्यावे असेही आमचे म्हणणे नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर पुष्कळ पाहिली आहेत. तेव्हा पुढील मजकूर मद्याची तरफदारी म्हणून कोणी वाचू नये.

आमच्या स्नेह्यांचे टिपण खरोखर वाचनीय होते. बोहेमियातील प्लझेन गावची बिअर सोनेरी, निवळ आणि किंचित कडसर. तिचे कारण तेथील मृदू पाणी, फिकट भाजलेले मोडाचे जव, झाटेट्स प्रांतातील हॉप नावाच्या वेलीची सुवासिक फुले आणि थंडीत सावकाश होणारे आंबणे. लंडन शहरी त्यांनी बर्टन गावच्या धर्तीची बिअर घेतली. तेथील पाण्यात जिप्समचा अंश मोठा, म्हणून तिचा कडूपणा कोरडा व धारदार. डब्लिनची काळी बिअर करपवलेल्या जवामुळे कॉफीच्या वळणावर जाते. ब्रसेल्सच्या आसपास तर लांबिक नावाची एक आंबट बिअर होते, तिच्यात विरजण मुळी घालीतच नाहीत. काढा उथळ भांड्यांत रात्रभर उघडा ठेवितात आणि हवेतील जंतू आपले काम करितात. दही लावण्यास शेजारणीकडे वाटी घेऊन जाणाऱ्या आमच्या घरांतील मंडळींस हे ऐकून नवल वाटेल. एकाच धान्यापासून गावागणिक निराळी चव निघते ती पाण्याने, हवेने आणि पिढ्यानपिढ्या राखलेल्या विरजणाने, हे आमच्या स्नेह्यांच्या ध्यानी आले, आणि येथूनच त्यांस स्वतः करून पाहण्याचा छंद लागला.

कृती म्हणाल तर फारशी गूढ नाही. जव भिजवून मोड आणावयाचे, ते वाळवून भरडावयाचे आणि सुमारे 65 अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवावयाचे. मोडातील पाचक द्रव्ये पिठाची साखर करितात. तो गोड काढा गाळून हॉपच्या फुलांबरोबर तासभर उकळावा, निववावा, त्यात यीस्ट घालावे आणि एकदोन आठवडे थंड जागी झाकून ठेवावे. भांडी निर्मळ नसतील तर सगळे आंबूस होऊन फुकट जाते. 1876 साली पाश्चर याने बिअरवर जो ग्रंथ लिहिला, त्यातील शिकवण हीच होती. या कृतीत कोठेही भट्टी नाही, वाफ धरून अर्क काढणे नाही. तयार होणाऱ्या पेयात मद्यार्क शेकडा चारपाच.

आता कायदा पाहू. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात, जो आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो, मद्य या शब्दाच्या व्याख्येत स्पिरिट, वाईन, बिअर आणि ताडी ही एकाच ओळीत बसविली आहेत, आणि ते तयार करणे हा सरकारी परवान्यावाचून गुन्हा ठरविला आहे. मोठ्या कारखान्यास परवाना आहे. गृहस्थास घरच्यापुरती दहा बाटल्या बिअर आंबविण्याची वाट ठेविलेली नाही. 1951 साली बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व सुगंधी द्रव्यांपुरती काही कलमे रद्द केली, पण पिण्याच्या मद्यावरील बंदी कायम राखली. तो निकाल राज्याच्या अधिकाराविषयी होता आणि तो अधिकार आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न अधिकाराचा नसून त्याच्या वापरातील सचोटीचा आहे. ज्या राज्याच्या कायद्याचे नाव दारूबंदी, त्याच राज्याच्या तिजोरीत मद्यावरील करांचे हजारो कोटी रुपये दरसाल पडतात. एकवीस वर्षांच्या तरुणास दुकानातील बिअर विकत घेण्यास हा कायदा परवाना देतो, आणि तीच बिअर त्याने घरी आंबविली तर त्यास आरोपी करितो. मग येथे बंदी पिण्यावर आहे की कर चुकविण्यावर?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने परकीय सरकारने ताडीमाडीच्या झाडांवर कर बसविला आणि गावच्या भट्ट्या मोडून मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्या उभ्या केल्या. 1892 साली तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. लोक शहाणे व्हावेत असा त्यांचा हेतू असता तर दुकाने घटली असती. प्रत्यक्षात 1880 साली पुण्यातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध जोतीराव फुल्यांस म्युनिसिपालिटीकडे लिहावे लागले, आणि 1908 साली याच पुण्यात स्वयंसेवकांस दुकानांपुढे उभे राहावे लागले. घरचे पेय गुन्हा आणि दुकानचे पेय महसूल, ही विभागणी त्या सरकारची. स्वराज्याने तिला दारूबंदीचा सात्त्विक पोशाख घातला. आतली हिशेबाची वही मात्र तीच राहिली.

आणि आमच्या प्राचीन राज्यशास्त्राचे काय? कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नेमून दुकानांवर कडक देखरेख सांगितली आहे. पण त्याच प्रकरणात गृहस्थास मंगलकार्यी श्वेतसुरा आणि औषधाकरिता अरिष्ट घरी करण्याची मुभा दिली आहे, आणि उत्सव, यात्रा या प्रसंगी चार दिवसांची सवलतही. कोषाविषयी इतका दक्ष असलेला ग्रंथकार दुसरा दाखविता येणार नाही; तरी त्यास गृहस्थाच्या माठाची भीती वाटली नाही.

परदेशांतही हे भांडण झालेच. प्लझेन गावाची स्थापना 1295 च्या सुमारास झाली तेव्हा राजा दुसरा व्हेन्सेस्लास याने 260 घरांस बिअर करण्याचा हक्क दिला होता. 1838 साली नासलेल्या बिअरची 36 पिंपे नागरिकांनी नगरभवनापुढे ओतून दिली, आणि हक्कदार घरांनी मिळून समाईक कारखाना काढला. जगप्रसिद्ध सोनेरी बिअर 1842 साली त्यातूनच निघाली. इंग्लंडात 1880 साली ग्लॅडस्टन साहेबांनी माल्टवरील कर उठवून बिअरवर बसविला व घरी बिअर करणाऱ्यास परवाना लागू केला. 1963 साली अर्थमंत्री मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. अमेरिकेत 1933 साली दारूबंदी उठली, पण घरच्या बिअरवरील बंदी राहूनच गेली. 1978 च्या कायद्याने ती मध्यवर्ती सरकारापुरती उठली, एका घरास वर्षाला फार तर 200 गॅलन आणि विक्री मुळीच नाही, या अटींवर. अलाबामा व मिसिसिपी ही शेवटची दोन राज्ये 2013 साली वळली. तेथे त्या वेळी शंभराहूनही कमी कारखाने होते, आज ते हजारोंनी मोजतात. त्यांपैकी कित्येकांचे मालक स्वयंपाकघरात शिकलेले.

यावर सुज्ञ वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाही. घरी मद्य होऊ लागले तर ज्या घरात आधीच मारहाण आहे तेथील बायकामुलांचे काय? आमच्या राज्यात मतदानाने 'आडवी बाटली' करून दुकान बंद करविण्याचा अधिकार स्त्रियांनी झगडून मिळविला. गडचिरोलीत 1993 साली लोकांच्या चळवळीने जिल्हाबंदी आली. या निर्णयांस धक्का लागता कामा नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पण व्यसनी मनुष्य दोन आठवडे जव आंबण्याची वाट पाहत बसत नाही. तो कोपऱ्यावरच्या गुत्त्यावर जातो. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभरावर गरीब माणसे मेली ती घरच्या बिअरने नव्हे, तर कारखानी मिथेनॉल मिसळलेल्या चोरट्या दारूने. विषाचा तो धंदा आणि गृहस्थाचे ते पिंप यांस एकाच व्याख्येत बसवून पोलिसांच्या हाती दिले, तर पोलीस कोणाच्या दारी आधी जाईल? जेथे हप्ता नाही व झगडा नाही अशा दारी, असे आमचा कोर्टातील अनुभव सांगतो.

शेजारच्या मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींच्या लोकांस घरच्या वापरापुरत्या दारूची सवलत कायद्यानेच दिली आहे. आमच्याकडील वारली व कातकरी बांधव मात्र मोहाच्या मडक्यापायी कोर्टात उभे राहतात. पुण्याच्या व्यापाऱ्याची हौस आणि डहाणूच्या वारल्याची रीत या दोहोंस कायदा सारखाच आंधळा आहे. फरक इतकाच की, पहिल्यास वकील परवडतो.

यास्तव सरकारकडे आमचे मागणे आहे. कायद्यात एक पोटकलम घालून, आंबविलेले व न गाळलेले पेय, वर्षाकाठी ठरावीक मर्यादेत, घरच्या प्रौढ माणसांच्या उपयोगापुरते करण्यास मोकळीक द्यावी. विक्री केल्यास आजची शिक्षा तशीच राहावी. आणि जेथे जिल्हाबंदी आहे किंवा मतदानाने बाटली आडवी झाली आहे तेथे ही सवलत लागू नसावी. आदिवासी मुलखातील रीतीचा विचार निराळा, त्या लोकांस विचारून, पण याच अधिवेशनात व्हावा. तोपर्यंत आमच्या स्नेह्यांस आमचा सल्ला असा की, त्यांनी विलायतेहून आणलेली यीस्टची पुडी पावाच्या पिठात घालावी. त्यास अद्याप परवाना लागत नाही.