पराभवाचे खापर हत्तींच्या माथी

प्राचीन भारतीय युद्धपद्धतीविषयी जी ठरीव मते क्रमिक पुस्तकांपासून विद्वज्जनांच्या ग्रंथांपर्यंत सारख्याच निश्चिंतपणे वावरत आली आहेत, त्यांत ‘भारतीय राजे हत्तींच्या नादाने हरले’ हे मत बहुधा सर्वांत दीर्घायुषी असावे. या मताचा पूर्वपक्ष असा मांडला जातो की हत्ती हा दिसायला भव्य पण रणात बेभरवशाचा प्राणी आहे, जखमी झाला की तो उलटतो आणि स्वतःच्याच पायदळाला तुडवतो, चपळ घोडदळापुढे त्याचा निभाव लागत नाही, आणि हे इ.स.पू. ३२६ मध्ये वितस्तेच्या म्हणजे झेलमच्या काठी एकदा लख्ख दिसल्यावरही येथील राजे त्यातून काही शिकले नाहीत, म्हणून तेथे अलेक्झांडरकडून हरलेल्या पोरसाचीच गत पुढे १५२६ साली पानिपतावर इब्राहीम लोदीची झाली. अठराशे वर्षांचा इतिहास एका जनावराच्या पाठीवर लादणारे हे विवेचन सुटसुटीत आहे यात शंका नाही. ते खरे आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

सगळ्या मताचा पाया झेलमची लढाई हाच असल्याने परीक्षेला सुरुवात तेथूनच करावी लागते. या लढाईचा वृत्तान्त देणारा एकही समकालीन ग्रंथ आज हाती नाही. अ‍ॅरियन, डायोडोरस, कर्टिअस आणि प्लूटार्क हे सर्व लेखक घटनेनंतर काही शतकांनी लिहिणारे आहेत आणि त्यांचे आकडेही जुळत नाहीत. पोरसाचे हत्ती अ‍ॅरियनच्या मते २००, डायोडोरसच्या मते १३० आणि कर्टिअसच्या मते ८५ होते. तरीही एका मुद्द्यावर अ‍ॅरियनचे कथन फार स्पष्ट आहे, आणि पूर्वपक्ष नेमका तोच मुद्दा गाळतो. अलेक्झांडरला पोरसाच्या छावणीसमोरून नदी ओलांडता येईना, याचे कारण पलीकडच्या तीरावर उभे असलेले हत्ती हे होते. मॅसिडोनियन घोड्यांना हत्तीचा वास आणि आवाज सहन होत नसे. समोर हत्ती दिसताच घोडे तराफ्यांवरून मध्यधारेतच उड्या टाकतील, ही भीती सेनापतीला होती. म्हणून रात्रीमागून रात्री खोट्या हालचाली करून शत्रूला थकवणे, दीडशे स्टेडिया म्हणजे सुमारे २७ किलोमीटर वर जाऊन वादळी पावसाच्या रात्री नदी ओलांडणे, हा सारा खटाटोप करावा लागला. जे शस्त्र त्या काळच्या सर्वांत अनुभवी सैन्याला नदीच्या काठावर रोखून धरते, त्याला निरुपयोगी ठरवण्यासाठी बरेच धाडस लागते.

प्रत्यक्ष लढाईतही क्रम पाहिला तर दोष वेगळीकडे दिसतो. शत्रू नदी उतरल्याची बातमी मिळताच पोरसाने आपल्या मुलाच्या हाताखाली जी तुकडी पाठवली, तिच्यातील १२० रथ पावसाने झालेल्या चिखलात रुतले आणि जवळजवळ न लढताच शत्रूच्या हाती पडले. पुढे मुख्य सैन्याची मांडणी अशी होती की हत्ती ठरावीक अंतर सोडून आघाडीला, त्यांच्यामागे आणि मधल्या जागांत पायदळ, तर दोन्ही बगलांना घोडदळ आणि त्यापुढे रथ. अलेक्झांडरने हत्तींवर चाल केलीच नाही. त्याने डाव्या बगलेच्या घोडदळावर झडप घातली, उजवीकडचे भारतीय घोडदळ मदतीला धावले तेव्हा कोइनस या सरदाराने त्यांना मागून गाठले, आणि दोन्हीकडून दाबला गेलेला घोडेस्वार मागे सरकत, तटाचा आसरा घ्यावा तसा, हत्तींच्या रांगेत शिरला. त्यानंतरच हत्ती पुढे झाले. त्यांनी मॅसिडोनियन फॅलँक्स, म्हणजे लांब भाल्यांच्या दाट पायदळाची भिंत, काही ठिकाणी फोडलीही. घोडदळ दुसऱ्यांदा मागे रेटले गेले, हत्तींना हलायला जागा उरली नाही, माहूत बाणांनी टिपले गेले, आणि मग ते चिडलेले, जखमी प्राणी आपला-परका न पाहता तुडवू लागले. मॅसिडोनियनांना मागे सरायला मोकळे मैदान होते, कोंडलेल्या भारतीयांना नव्हते. म्हणजे हत्ती उलटले हे खरे, पण ते पराभवाचे कारण नसून पराभवाचा शेवटचा टप्पा होता. लढाई त्याआधीच, संख्येने आणि सरावाने उणे पडलेल्या घोडदळाने हरली होती. रुतलेल्या रथांचा आणि फुटलेल्या बगलेचा दोष हत्तींवर टाकणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे होय.

या ठिकाणी दुसऱ्या टोकाच्या मताचीही दखल घेणे भाग आहे. अलीकडे पोरसच जिंकला असे उत्साहाने सांगितले जाते. त्याचा आधार मुख्यतः उत्तरकालीन अद्भुत आख्यायिकांत आहे, आणि पोरसाला त्याचे राज्य परत मिळाले या गोष्टीचा त्यासाठी वाटेल तसा अर्थ लावला जातो. पराभव नाकारून हत्तींची अब्रू राखण्याची काहीच गरज नाही. तसेच, चित्रांत पोरस नेहमी अंबारीत बसलेला दाखवतात, त्यालाही फारसा आधार नाही: सांची आणि भारहूत येथील प्राचीन शिल्पांत योद्धे हत्तीच्या पाठीवर थेट बसलेले दिसतात.

आता शत्रूची साक्ष काढावी, कारण शस्त्राची किंमत ज्याने त्याचा मार खाल्ला तोच नीट जाणतो. झेलमनंतर बियासच्या काठी मॅसिडोनियन सैन्याने पुढे जाण्यास नकार दिला, तेव्हा त्यांच्या कानी पूर्वेकडील नंदांच्या सैन्याचे जे आकडे आले होते त्यांत हजारो हत्ती होते. प्लूटार्क ६,००० सांगतो, डायोडोरस ४,०००. हे आकडे फुगवलेले असणे शक्य आहे, पण भीती फुगवलेली नव्हती. स्वतः अलेक्झांडरने हाती आलेले हत्ती सोडून दिले नाहीत, ते क्रेटेरसबरोबर पश्चिमेकडे रवाना केले. त्याच्यामागे त्याचा सरदार सेल्यूकस याने चंद्रगुप्त मौर्याशी तह करताना सिंधूपलीकडचे प्रदेश दिले आणि त्याबदल्यात ५०० हत्ती घेतले. झेलमच्या लढाईतून ‘हत्ती निकामी’ हा धडा निघत असता, तर तो धडा सर्वांत आधी ज्यांना मिळाला त्यांच्यापैकीच एकाने असा व्यवहार केला नसता. इ.स.पू. ३०१ मध्ये आशिया मायनरमधील इप्ससच्या रणात या व्यवहाराचा हिशेब चुकता झाला. सेल्यूकसचा प्रतिस्पर्धी अँटिगोनस याचा मुलगा डिमिट्रिअस विजयी घोडदळ घेऊन पाठलागात दूर गेला, आणि परतताना सेल्यूकसने मधे उभ्या केलेल्या हत्तींच्या भिंतीमुळे त्याला बापापर्यंत पोहोचता आले नाही; ऐंशीच्या घरातला अँटिगोनस तेथेच मारला गेला. हत्तीचे काम धावून तुडवणे एवढेच असते असे मानणाऱ्यांनी ही लढाई जरा सावकाश वाचावी: येथे हत्ती नुसते उभे होते आणि घोडे पुढे येईनात.

प्रतिपक्षाच्या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बिथरलेला हत्ती आपल्याच सैन्याचा काळ होतो. इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलने ऐंशीहून अधिक हत्ती पुढे सोडले, तेव्हा रोमन सेनापती स्किपिओने आपल्या पथकांत मोकळ्या वाटा ठेवून बरेचसे त्यांतून जाऊ दिले, आणि शिंगांच्या आवाजाने भेदरलेले काही हत्ती कार्थेजच्याच घोडदळावर जाऊन आदळले. हे हत्ती घाईने जमवलेले आणि अपुरे शिकवलेले होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की कार्थेजच्या माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे. हत्ती आवरेनासा झाला की डोके आणि मान यांच्या सांध्यात छिन्नी ठोकून त्याला जागीच ठार करायचे. ही युक्ती क्रूर आहे, पण तिच्यावरून एवढे तरी सिद्ध होते की धोका सर्वांना माहीत होता आणि तो पत्करूनही हत्ती वापरले जात होते. उलट, इ.स.पू. २१७ मध्ये राफिआच्या लढाईत सीरियाचा राजा तिसरा अँटिओकस याच्या १०२ भारतीय हत्तींपुढे इजिप्तच्या टॉलेमीचे ७३ आफ्रिकन हत्ती टिकले नाहीत, तरी अँटिओकस पाठलागात वाहवत गेला आणि मधले पायदळ हरल्याने लढाई टॉलेमीने जिंकली. हत्ती जिंकले, राजा हरला. एकट्या हत्तीवर जय ठरत नाही तसा पराजयही ठरत नाही, हे याहून ठसठशीतपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच मिळेल.

हीच गोष्ट भारतीय शास्त्रकारांना ठाऊक होती, आणि उत्तरपक्षाचा खरा भार येथे आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या काळाविषयी वाद आहेत आणि तो ग्रंथ जसाच्या तसा चंद्रगुप्ताच्या दरबारात लिहिला गेला असे आज फारसे कोणी धरत नाही. परंतु प्राचीन भारतीय राज्ययंत्रणा हत्तीकडे कसे पाहत होती हे त्यातून निश्चित कळते. राजांचा विजय मुख्यतः हत्तींवर अवलंबून असतो असे तो ग्रंथ म्हणतो, हे वाक्य टीकाकार आवर्जून पुढे करतात. पण त्याच ग्रंथाच्या सांग्रामिक प्रकरणांत एका हत्तीबरोबर पाच घोडे, पुढे लढणारे पंधरा पदाती आणि तितकेच ‘पादगोप’, म्हणजे हत्तीच्या पायांचे रक्षण करणारे शिपाई, असा संच सांगितला आहे, तो मात्र ते सांगत नाहीत. हत्ती हा या संचातील एक अवयव होता. झेलमच्या काठी नेमका हा संच तुटला. शिवाय हत्तीची जी कामे ग्रंथ मोजतो, त्यांत सैन्याच्या पुढे चालणे, नवे रस्ते आणि उतार पाडणे, पाण्यातून पलीकडे नेणे, दाट व्यूह फोडणे, वेशी आणि बुरूज पाडणे, खजिना वाहणे अशी कामे आहेत. रणातल्या एका धडकेवरून हत्तीला नापास करणाऱ्यांनी आजच्या भाषेत सांगायचे तर रणगाडा, यारी आणि मालमोटार यांची परीक्षा एकाच प्रश्नावर घेतली आहे.

राजांचा हत्तींचा नाद अविचारी नव्हता, हे हत्ती मिळवण्याच्या व्यवस्थेवरूनही दिसते. हत्तीण पाळीव अवस्थेत क्वचितच विते, आणि हत्ती कामाला यायला वीस वर्षे लागतात. तोवर त्याला पोसणे कोणत्याही खजिन्याला परवडणारे नाही. म्हणून तो रानात वाढू द्यायचा आणि वयात आल्यावर धरायचा, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि त्यासाठी रान राखावे लागते. अर्थशास्त्रात राज्याच्या सीमेवर ‘नागवन’ म्हणजे हत्तींसाठी राखीव अरण्य ठेवायला सांगितले आहे, त्यावर अध्यक्ष व वनपाल नेमले आहेत, हत्ती मारणाऱ्याला देहान्त शासन आहे आणि आपोआप मेलेल्या हत्तीचे दात आणून देणाऱ्याला सव्वाचार पण बक्षीस आहे. हत्ती उन्हाळ्यात धरावा, वीस वर्षांचा धरावा, चाळिशीचा सर्वोत्तम मानावा, इतका बारकावा तेथे आहे. थॉमस ट्राउटमन यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, भारतात रानटी हत्ती आजवर टिकले याचे एक कारण राजांची ही गरज होती, असे साधार प्रतिपादन केले आहे. त्याच अर्थशास्त्रात हत्तींची प्रतवारीही आहे: कलिंग आणि अंग येथील हत्ती श्रेष्ठ, दशार्ण आणि अपरान्त येथील मध्यम, सौराष्ट्रातील कनिष्ठ. अपरान्त म्हणजे ढोबळमानाने आजचे कोकण. तेथे एके काळी सैन्यायोग्य हत्ती धरले जात, ही नोंद मराठी वाचकाला थोडी चकित करील.

‘भारतीय राजे काही शिकले नाहीत’ या उरलेल्या आक्षेपाला दख्खननेच उत्तर दिले आहे. सातव्या शतकात युआन श्वांग या चिनी यात्रेकरूने महाराष्ट्राचे वर्णन करताना येथील राजाजवळ शेकडो उग्र हत्ती असल्याचे आणि लढाईपूर्वी त्यांना मद्य पाजले जात असल्याचे लिहिले आहे. ही रीत शहाणपणाची होती असे म्हणवत नाही. परंतु हा राजा म्हणजे चालुक्य दुसरा पुलकेशी. उत्तरेचा बलाढ्य हर्ष त्याला नमवू शकला नाही, आणि इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात रविकीर्तीने हर्षाचे हत्ती रणात पडल्याचे अभिमानाने नोंदवले आहे. हत्ती दोन्ही पक्षांकडे होते. एक हरला, एक जिंकला. ज्या गोष्टीचा भाग दोघांच्याही बाजूला सारखा आहे, ती पराभवाचे कारण कशी सांगता येईल?

रोमने तर हा वाद केव्हाच निकालात काढला होता. झामानंतरच्या तहात कार्थेजने शिकवलेले सर्व हत्ती सोपवावेत आणि पुढे एकही शिकवू नये, असे कलम होते. मॅग्नेशिया येथे रोमकडून झालेल्या पराभवानंतर इ.स.पू. १८८ मध्ये अपामेआच्या तहाने हीच बंदी अँटिओकसवर लादली गेली. निरुपयोगी शस्त्रावर कोणी तहात बंदी घालत नाही. सीरियाने हे कलम पाळले नाही असे दिसताच इ.स.पू. १६२ मध्ये रोमन सिनेटने ग्नेअस ऑक्टेव्हिअस या वकिलाला तेथे धाडले. त्याने लढाऊ जहाजे जाळली, माणसाळलेल्या हत्तींच्या पायांच्या शिरा तोडवल्या, आणि हे पाहून खवळलेल्या लोकांपैकी लेप्टिनेस नावाच्या एकाने लाओडिकेआच्या व्यायामशाळेत त्याला भोसकून ठार केले.