सेवेचे पैसे भावात धरा, बिलावर नको

प्रति,
मा. अध्यक्ष व पदाधिकारी,
इंडियन हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन (आहार), मुंबई



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतली कुटुंबं बाहेर खायला जातात म्हणजे बहुतेक वेळा तुमच्यासारख्यांच्याच दारात येतात. स्टेशनसमोरचं उडपी, त्याच्या माळ्यावरचा एसी हॉल, नाक्यावरची परमिट रूम, रविवारी संध्याकाळी जिथे नाव लिहून फुटपाथवर उभं राहावं लागतं ते पंजाबी-चायनीज. मोठ्या साखळी रेस्टॉरंटांच्या आणि पंचतारांकित हॉटेलांच्या संघटना वेगळ्या आहेत. आमच्या रोजच्या खाण्याचा आवाज तुमच्या संघटनेत आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

विषय सेवेचा आहे. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. त्यांचा मतलब सरळ आहे. सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही. दुसऱ्या कुठल्या नावानंही लावायचं नाही. देणार नसाल तर आत येऊ नका, असं सांगायचं नाही. आणि ते खाण्याच्या रकमेत मिसळून सगळ्यावर जीएसटी आकारायचा नाही. या तत्त्वांना नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया आणि फेडरेशन ऑफ हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन्स ऑफ इंडिया यांनी आव्हान दिलं होतं. न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि दोघांनाही प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. पुढे अपील झालं, तो त्यांचा हक्क आहे. पण निकालानंतरही अंधेरी पश्चिमेच्या लिंक रोडवर एका ठिकाणी आमच्या बिलावर खालून तिसऱ्या ओळीत दहा टक्के निमूट बसलेले होते.

हिशेब मांडून बघा. चौघांचं खाणं १,२०० रुपयांचं झालं. त्यावर दहा टक्के म्हणजे १२०. मग १,३२० वर पाच टक्के जीएसटी, ६६ रुपये. एकूण १,३८६. ती ओळ नसती तर १,२६० झाले असते. म्हणजे शुल्काचे १२० आणि त्या शुल्कावरच्या कराचे सहा, असे १२६ रुपये आमच्या खिशातून जास्त गेले. जीएसटी सरकारजमा होतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेजारी शेजारी छापलेल्या या दोन ओळी बघून अर्ध्याअधिक लोकांना दोन्ही सरकारी करच वाटतात. तसं वाटावं अशीच ती छपाई असते.

पैशांपेक्षा जास्त लागतो तो पुढचा प्रसंग. ही ओळ काढा म्हटलं की वेटर कॅप्टनकडे बघतो, कॅप्टन मॅनेजरला बोलावतो. बाजूच्या टेबलावरची बोलणी थांबतात. घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, जाऊ दे ना, शंभर-सव्वाशेसाठी कशाला. आणि ज्या मुलाने तासभर हसतमुखाने वाढलं तो तिथेच हात मागे बांधून उभा असतो. मॅनेजर त्याच्याकडे बोट दाखवून सांगतो, हे पैसे ह्यांनाच जातात. तसे ते जातात की नाही हे कळायला गिऱ्हाइकाला मार्ग नाही. कष्ट करणाऱ्या माणसासमोर आपण चिक्कू ठरतो, आणि कायद्याने जे द्यावं लागत नाही ते लाजेकाजेस्तव देऊन बाहेर पडतो. ज्याच्या नावाने पैसे मागायचे त्यालाच ढाल करून उभं करायचं, हे मला फार वाईट दिसतं.

तुमच्या सभासदांपैकी जुन्या उडपी हॉटेलांनी हे कधी केलं नाही, आणि माझा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे. मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या कुठल्याही चांगल्या उडप्यात सकाळी आठला बसून बघा. टेबलावर फडका फिरतो न फिरतो तोच पाण्याचे स्टीलचे पेले येतात. एका टेबलावरून दोन इडली-वडा मिक्स, सांबार वेगळं. दुसऱ्यावरून एक मैसूर, एक जैन उत्तप्पा, कांदा चालणार नाही. तिसऱ्यावरून चहा वन बाय टू. कागद-पेन्सिल नाही, सगळं डोक्यात. जैन उत्तप्पा बरोबर जैन माणसासमोरच येतो. चटणी संपत आली की न मागता वाढली जाते. आठवड्याने परत गेलात तर ‘चहा कम शक्कर ना?’ असं तोच विचारतो. या सगळ्याचे पैसे डोशाच्या भावातच धरलेले असतात. भाव वाढला की आम्ही कुरकुरतो आणि देतो, कारण आत येण्याआधी तो आकडा बोर्डावर वाचलेला असतो.

आता एक गोष्ट, जिच्याकडे तुमचं लक्ष गेलं असेलही, पण तिच्यावर कुठे काही झालेलं मला दिसलं नाही. पूर्वी बिलाबरोबर बडीशेपेची बशी यायची. सुटे परत आले की दहाची नोट, पाच-दोनची नाणी त्यात राहायची. रात्री ती गोळा व्हायची, वाटून घेतली जायची. वेटर, टेबल पुसणारा पोरगा, आत भांडी घासणारा, सगळ्यांचा त्यात वाटा असे. आता आम्ही फोन काढतो, गल्ल्याजवळचा क्यूआर कोड स्कॅन करतो, स्पीकरवर रक्कम ऐकू येते आणि आम्ही उठतो. सगळे पैसे मालकाच्या खात्यात. बशीत बडीशेपेखेरीज काही नाही. यात मालकाने मुद्दाम काही केलेलं नाही आणि गिऱ्हाइकाचीही नियत बिघडलेली नाही. खिशात सुटेच नसतात. पण ज्या मुलांचा महिन्याचा हिशेब त्या नाण्यांवर जमायचा, त्यांची कमाई कुणी न ठरवता आटली.

ही मुलं लांबून येतात. एके काळी उडुपी-मंगळूरकडून यायची, आता उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, नेपाळकडूनही येतात. पुष्कळ ठिकाणी ती हॉटेलातच जेवतात, हॉटेलातच झोपतात. तुमच्या धंद्याचा इतिहास तुम्हाला मी सांगायला नको. दिवसा टेबल पुसून संध्याकाळी मुंबईतल्या कन्नड रात्रशाळांत शिकलेल्या मुलांनीच पुढे स्वतःची हॉटेलं काढली. मार्च २०२०मध्ये करोनामुळे सगळं बंद झालं तेव्हा हीच माणसं गावी गेली, आणि ५ ऑक्टोबर २०२०ला निम्म्या क्षमतेने बसून खायला परवानगी मिळाली तेव्हा त्यांच्याविना शटर उघडणं किती अवघड होतं, ते तुम्ही सोसलं आहे. सेवा चांगली हवी असेल तर पगार भावातून निघाला पाहिजे, आणि वर खुशीने दिलेलं थेट त्यांच्या हाती पडलं पाहिजे. त्यासाठी गल्ल्यावर मालकाच्या कोडशेजारी कामगारांचा सामाईक कोड लावता येईल. दहा रुपये स्कॅन करायला कुणाला जड जाणार नाही.

पाण्याबद्दलही बोलायचं आहे. नव्या हॉटेलांत बसल्याबरोबर प्रश्न येतो, ‘बिसलेरी या रेग्युलर?’ आणि उत्तर येण्याआधीच बाटलीचं सील तुटलेलं असतं. हॉटेलने बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकली तरी चालते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७चा निकाल आहे. तेव्हा त्या दरावर मी वाद घालत नाही. पण मुंबईला येणारं बहुतेक पाणी भांडुपच्या संकुलात शुद्ध होतं, मुलुंडच्या शेजारीच. तेच पाणी आमच्या घरी नळाला आहे. फिल्टर लावा, पेला आतून बोटं न बुडवता आणा आणि समोर ठेवा. बाटली ज्याला हवी तो मागेल.

मेनू कार्डाचंही तसंच. करोनापासून टेबलावर चिकटवलेला कोड राहिला आणि छापील कार्ड गेलं. सत्तरीच्या आजीला फोनवर बोटाने मेनू मोठा करून वाचायला लावू नका. एसी हॉल माळ्यावर असतो, जिना अरुंद असतो, ही उपनगरातल्या जागेची अडचण आम्ही समजतो. पण म्हाताऱ्या माणसाला वर चढवत नसेल तर खाली एक टेबल त्याच्यासाठी मोकळं करून द्यायला जागा लागत नाही. फोनचंच आणखी एक: बिलासाठी मोबाइल नंबर सक्तीने मागू नये असं ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३मध्येच सांगितलं आहे, तेही पाळा.

गिऱ्हाइकाची बाजू मांडताना गिऱ्हाइकालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘ए’ म्हणून हाक मारणारे, चुटकी वाजवणारे, खाऊन झाल्यावर रांग दिसत असूनही अर्धा तास गप्पा मारत टेबल अडवणारे आमच्यातलेच आहेत. पोराच्या हातून ताट पडलं तर मालकाला बोलावून त्याचा पगार कापायला लावणारेही आहेत. ‘दादा’ म्हणायला पैसे पडत नाहीत. सेवा शुल्क नाकारण्याचा हक्क वापरणाऱ्याने सेवा करणाऱ्याला विसरू नये, असं मी घरीही सांगतो.

१४ जुलै २०२५ला मद्यावरच्या करवाढीविरुद्ध तुम्ही बंदची हाक दिलीत आणि बार, परमिट रूम बंद राहिल्या. तुमच्या शब्दाला सभासदांत केवढं वजन आहे ते तेव्हा दिसलं. त्या वजनातला थोडा भाग आता आमच्यासाठी खर्च करा. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव करा, की आहारचा कुठलाही सभासद बिलावर सेवा शुल्क लावणार नाही, आणि तशी मराठी पाटी दारावर लावेल. त्याच ठरावात कामगारांच्या सामाईक कोडचा आणि साध्या पाण्याचा उल्लेख करा. जो सभासद मानणार नाही त्याची तक्रार तुमच्याकडे कुठे करायची, तेही पाटीवरच छापा. आज आमच्याकडे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पण जेवायला गेलेल्या कुटुंबाने सरकारकडे धावण्याआधी धंद्यातल्याच मोठ्या माणसाने मिटवलेलं केव्हाही बरं.

असा ठराव झाला, तर ती पाटी असलेल्या हॉटेलात आम्ही आपणहून जाऊ आणि इतरांनाही तिथेच पाठवू.

आपला,
मुलुंडचं एक नेहमीचं गिऱ्हाईक