एक डॉलरचं सरबत

सरबत विकून दानधर्म करायचा, हे माझ्या आईच्या पचनी पडेना. ती चिपळूणहून उन्हाळ्यापुरती आमच्याकडे आली होती, आणि तिच्या नातीने घरासमोर टेबल मांडून एक डॉलरला पेलाभर लिंबू सरबत विकण्याचा घाट घातला होता. "तहानलेला माणूस दारात आला तर त्याच्याकडे पैसे मागायचे?" आईचा सवाल. तिच्या डोळ्यांपुढे एसटी स्टँडजवळची पाणपोई. ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, लांब दांड्याचं ओगराळं, आणि कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ अशी पाटी. तिथे कुणी गल्ला मांडून बसला असता तर गावाने त्याच्या तोंडात शेण घातलं असतं.

पण आम्ही राहतो फिलाडेल्फियाच्या उपनगरात, आणि इथे लिंबू सरबताच्या टेबलाला एका मुलीचं नाव कायमचं चिकटलं आहे. अलेक्झांड्रा स्कॉट, सगळ्यांची अ‍ॅलेक्स. जन्म १९९६चा, कनेक्टिकट राज्यातला. पहिला वाढदिवसही झाला नव्हता तेव्हा तिला न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांना होणारा कर्करोग असल्याचं निदान झालं. २००० साली, चार वर्षांची असताना, तिने मोठ्या भावाच्या मदतीने घरापुढे सरबताचं टेबल मांडलं. आपल्या डॉक्टरांना दुसऱ्या मुलांसाठीही इलाज शोधता यावा म्हणून. दोन हजार डॉलरच्या वर जमले. पुढे उपचारांसाठी कुटुंब फिलाडेल्फियाजवळ राहायला आलं, टेबल दर उन्हाळ्यात लागत राहिलं, आणि २००४ साली तिने दहा लाख डॉलरचं उद्दिष्ट जाहीर केलं. गावोगावच्या मुलांनी आपापली टेबलं मांडली. ऑगस्टमध्ये, आठ वर्षांची असताना ती गेली, तोवर दहा लाखांचा टप्पा ओलांडला होता. आईवडिलांनी पुढच्या वर्षी तिच्या नावाने संस्था काढली. दर जूनमध्ये आजही देशभर टेबलं लागतात.

कुणी म्हणेल, कॅन्सरचं संशोधन आणि सरबत, मेळ कुठे? मेळ आहे. मुलांचे कर्करोग मोठ्यांच्या मानाने फार कमी. म्हणूनच औषध कंपन्यांना त्यात मोठा बाजार दिसत नाही. बाजार जिथे हात आखडता घेतो तिथे लोकांच्या पैशाला किंमत येते.

आईने हे सगळं ऐकलं, चष्मा पुसला, आणि सरबताचा ताबा घेतला. इथली लिंबं मोठी, पिवळी, जाड सालीची; आपल्या कागदी लिंबाचा झणका त्यांना नाही. नुसती साखर ढवळली तर गार पाण्यात ती तळाशी बसते, म्हणून पाक आधी करून ठेवायचा, हे लेकीला आईनेच शिकवलं. मीठ घालायचं की नाही यावर घरात चांगलीच जुंपली. इथे सरबतात मीठ म्हणजे चूक समजतात. शेवटी दोन जग ठेवले, एक साधा, एक मीठ आणि जिरेपूड घातलेला. दुसऱ्यातला पेला पोस्टमनने एक घोट घेऊन, भुवया उंचावून, संपवला. त्याचं बाकी गिऱ्हाईक आमच्याच मराठी मंडळातलं.

पैशांचा मुद्दा मात्र आईने सोडला नाही. तिचा तोडगा असा: सरबत फुकट द्या, शेजारी डबा ठेवा, ज्याला टाकायचे तो टाकेल. हा तोडगा टेक्सासातल्या दोन लहान बहिणींनीही काढला होता. २०१५ साली परवाना नाही म्हणून पोलिसांनी त्यांचं टेबल बंद करायला लावलं, तेव्हा त्या सरबत फुकट देऊन देणग्या घेऊ लागल्या. (२०१९मध्ये त्या राज्याने खास कायदा करून मुलांना परवान्याशिवाय सरबत विकायला मोकळीक दिली. मुलांना सरबत विकता यावं म्हणून विधिमंडळाला बसावं लागतं, हेही अमेरिकाच.)

लेकीने किमतीची पाटी उतरवली. आणि गंमत झाली. लोक घुटमळायला लागले. किती टाकू? कमी तर होत नाही ना? एक गृहस्थ कुत्र्याची दोरी हातात धरून खिसे चाचपत राहिले, आणि पेला न घेताच ओशाळून निघून गेले. एक डॉलर म्हटलं की माणूस मोकळा होतो. तो दाता नसतो आणि ही पोर याचक नसते. व्यवहार होतो, वर कुणी पाचाची नोट देऊन "राहू दे" म्हणतो, तो त्याचा खुशीचा मामला. तासाभरात पाटी परत लागली. माझं मत लेकीच्या बाजूचं.

आमच्या मध्यमवर्गीय घरांत मागण्याची लाज फार. गणपतीची वर्गणी तेवढी अपवाद, ती आम्ही पावतीपुस्तक घेऊन हक्काने मागायचो. मी हे बोलून दाखवलं तेव्हा आई गप्प झाली आणि मग मामाची गोष्ट काढली. टाटा हॉस्पिटलमध्ये त्याची केमोथेरपी चालू होती, तेव्हा आई आणि घरचे दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिले होते. मुंबईत दुसरा आसरा परवडणारा नव्हता. ज्याने स्वतःसाठी गाडग्यापलीकडे काही ठेवलं नाही, त्या माणसाने लोकांपुढे हात पसरूनच धर्मशाळा उभ्या केल्या. "त्यांनी मागितलं म्हणून आम्हाला छप्पर मिळालं," आई म्हणाली, आणि लगेच, "पण त्यांनी सरबत नाही हो विकलं!"

तरी तिने आपलं तेवढं केलंच. शेजारच्या आवारात गवत कापणाऱ्या दोघा मेक्सिकन कामगारांना तिने मागच्या दाराने जिऱ्याचं सरबत नेऊन दिलं, फुकट, आणि पेले धुवायला परत आणले.

संध्याकाळी हिशेब. नवऱ्याने लिंबं, साखर, बर्फ आणि कागदी पेल्यांचा खर्च वजा करून आकडा सांगितला. लेक उसळली. पाटीवर 'सगळे पैसे मुलांच्या कॅन्सरसाठी' असं तिने स्वतः रंगवलं होतं. सगळे म्हणजे सगळे. "मग माल कुणाचा?" नवरा. "तुझा," लेक. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आईचा निकाल तयार होता: उत्सवाचा मांडव घालणारा वर्गणीतून भाडं कापून घेत नाही. नवऱ्याने घेतल्याचं मला चांगलं आठवत होतं, पण मी बोलले नाही. माल त्याच्या नावावर पडला. पुढच्या जूनसाठी आई कोकमाच्या आगळाच्या बाटल्या आणणार आहे, तेव्हा त्यांचा भावही त्याने आत्ताच विचारून ठेवला आहे.