वर्तुळात एक जागा रिकामी आहे!

लग्नात जेवणाच्या रांगेत आपण सगळ्यात पुढे, आणि नाचायची वेळ आली की खांबाच्या आड. मीही त्यातलीच. पण मागच्या डिसेंबरात कॉलेजमधल्या मैत्रिणीच्या ताईच्या लग्नाला नाशिकहून ठाण्याला गेले आणि पहिल्यांदा ‘होरा’ पाहिला. पाहिला कसला, चक्क नाचले!

मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे आपले कोकणातले ज्यू. पूर्वी तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. आडनावंही किहीमकर, दिवेकर, रोहेकर अशी. 1948 मध्ये इस्राएल स्थापन झालं आणि पुढच्या वर्षांत बरीच कुटुंबं तिकडे गेली. इथे राहिले ते थोडे. होरा मात्र मूळचा कोकणातला नाही. तो रोमानियाकडून इस्राएलमध्ये गेला आणि तिथून जगभरच्या ज्यू लग्नांत पोचला.

‘हावा नगीला’ सुरू झालं तसा मी मोबाइल काढला. मैत्रीण म्हणाली, “अगं, प्रार्थनेला आमचेच दहा पुरुष लागतात, ते कसेबसे जमवतो. नाचायला कुणीही चालतं. तू बाहेर उभी राहिलीस तर गोल छोटा होईल ना!” मोबाइल गुपचूप पर्समध्ये गेला.

मला वाटतं, पाहुणे लाजाळू असतात हे आपलं खोटं कारण आहे. आपणच नाचाचा कार्यक्रम करून टाकलाय. संगीतसाठी कोरिओग्राफर, महिनाभर रिहर्सल, वर स्टेज आणि खाली खुर्च्या. अशा ठिकाणी चुकायची भीती वाटणारच. मग एखादी मावशी दंड धरून ओढत नेते. पण ओढणं म्हणजे बोलावणं नव्हे.

तिथे काय केलं, तर आधी एका काकांनी स्टेप सावकाश दाखवली. एक पाय बाजूला, दुसरा त्याच्या मागून, पुन्हा बाजूला, मग पुढून. झालं! प्रत्येक नवख्याला दोन जाणत्यांच्या मधे घेतलं. चपळ मंडळी आतल्या गोलात, आम्ही बाहेरच्या संथ गोलात. आजी-आजोबा खुर्चीत बसून टाळ्या देत होते, तेही सामीलच. मी तीनदा चुकले, पण दोन्हीकडचे हात मला बरोबर पुढे नेत होते.

वधू-वरांना आनंद देणं हे ज्यू परंपरेत पाहुण्यांचं कर्तव्यच आहे. तालमूदमध्ये एका वयस्क पंडिताची गोष्ट आहे. ते डहाळ्या झेलत नवरीपुढे नाचायचे. दुसऱ्या पंडिताला ते लाजिरवाणं वाटायचं. ग्रंथ मात्र नाचणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो.

आपल्याकडे हे नाही का? पेठ-सुरगाण्याकडे तारपा वाजला की वादकाभोवती फेर धरला जातो. मंगळागौरीची फुगडी तर दुसऱ्याचा हात धरल्याशिवाय होतच नाही. हे सगळं आपल्याला येतं, फक्त हॉलमध्ये शिरताना आपण ते बाहेर ठेवतो.

तर यंदा घरी लग्न असेल तर एक गाणं पाहुण्यांसाठी ठेवा. स्टेप सोपी ठेवा आणि खांबाआडच्या माणसापुढे नुसता हात करा. आणि पाहुणे म्हणून गेलात, तर तो हात धरा. ज्या घरात माणसं कमी उरली आहेत, तिथे तुमच्या एका हाताने गोल मोठा होतो.