जागल्याचं नाव

मंडळी, ‘व्हिसलब्लोअर’ला मराठी वर्तमानपत्रांनी ‘जागल्या’ हा शब्द दिला, तो मला फार आवडतो. गाव झोपलं की पहारा देणारा, वेळ आली की हाळी देणारा तो जागल्या. एरवी आपल्याकडे अशा माणसासाठी शब्द कोणते? चहाडखोर, चुगलखोर, घरभेदी! आतलं बाहेर सांगणारा वाईटच, हे भाषेनंच ठरवून टाकलेलं.

या जागल्यांसाठी आपल्या देशात कायदा आहे, २०१४ सालचा. संसदेत मंजूर झालेला, राष्ट्रपतींची सही झालेला. फक्त तो लागू नाही! कायद्यातच लिहिलंय की केंद्र सरकार राजपत्रात जी तारीख जाहीर करील त्या दिवसापासून तो अमलात येईल. ती तारीख आजपर्यंत जाहीर झालेली नाही.

हे सगळं सुरू झालं सत्येंद्र दुबे या तरुण इंजिनिअरपासून. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. तपासात तो लुटीसाठी झाल्याचं निघालं आणि २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. ते खरं धरलं तरी, ज्यांनी नाव फोडलं त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

लोक खवळले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २००४ मध्ये सरकारनं कायदा होईपर्यंतची सोय म्हणून एक ठराव काढला. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे करायची, नाव आयोग गुप्त ठेवणार. आज वीस वर्षं उलटून गेली तरी काम त्या ठरावावरच चाललंय. नाव फोडणाऱ्यावर ठरावानुसार काय होतं? प्रचलित नियमांप्रमाणे ‘योग्य ती कारवाई’. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

झोपलेल्या कायद्यात मात्र नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय ठराव फक्त केंद्राच्या कारभारापुरता, कायदा राज्यांनाही लागू. तळेगावच्या सतीश शेट्टींचा जानेवारी २०१० मध्ये, सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. जमिनींचे व्यवहार ते बाहेर काढत होते, पोलीस संरक्षणही त्यांनी मागितलं होतं. अशा माणसाला दिल्लीचा ठराव काय कामाचा?

बरं, तारीख का नाही? कायद्यात दुरुस्ती हवी असं सरकारचं म्हणणं पडलं. २०१५ च्या दुरुस्ती विधेयकात अशी तरतूद होती की देशाची सुरक्षा, व्यापारी गुपितं वगैरे दहा प्रकारची माहिती तक्रारीत असेल तर तक्रारच चालणार नाही. लोकसभेनं ते मंजूर केलं, राज्यसभेत अडकलं, २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. मग आता मूळ कायद्याचं काय घोडं अडलंय?

त्या कायद्यावर माझाही एक आक्षेप आहे. निनावी तक्रार त्यात चालत नाही. खोडसाळ अर्जांचा ढीग पडेल ही भीती मला समजते, शाळेत असे अर्ज पुष्कळ पाहिलेत. पण तक्रारीबरोबर पुरावा असेल तर सही कोणाची हे कशाला बघायचं? “कोणी सांगितलं?” असं मास्तरांनी सगळ्या वर्गादेखत विचारलं की पुढच्या वेळी एकही मूल तोंड उघडत नाही.

असो. आपल्या नात्यागोत्यात केंद्र सरकारच्या नोकरीत बरीच मुलं आहेत, म्हणून ठरावाची पद्धत इथे लिहून ठेवतो. तक्रार बंद पाकिटात, केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे. पाकिटावर ‘जनहित प्रकटीकरण ठरावाखालील तक्रार’ असं ठळक लिहायचं. आपलं नाव-पत्ता पाकिटावर नाही, आतल्या पत्रातच. आणि पोच येत नाही म्हणून विचारायला पुन्हा पत्र घालायचं नाही. नाव फुटू नये म्हणून ते मुद्दामच पोच देत नाहीत.